टर्मिनलमधून थेट ओळीवर: व्हीएस कोडची ‘कोड’ कमांड

सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस-बिलाचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं काम. म्हणजे अर्धा दिवस टर्मिनलमध्ये ग्रेप (फाइलींमधला मजकूर शोधणारी कमांड) मारत बसायचं, कुठल्या फाइलीत वाहतुकीची कपात दोनदा धरलीय ते हुडकायचं. फाइल सापडली तरी सुटका नाही. एडिटरमध्ये जाऊन फोल्डरात फोल्डर उघडत ती परत शोधायची. या वैतागावर व्हीएस कोड या एडिटरसोबत येणारी ‘कोड’ कमांड चांगलाच उतारा आहे.

‘कोड’, स्पेस, टिंब हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपण ज्या फोल्डरात आहोत तो उघडतो. बहुतेक जण तिथंच थांबतात, पण खरी मजा ‘हायफन जी’मध्ये आहे. त्यापुढे फाइलचं नाव, कोलन आणि ओळीचा आकडा दिला की कर्सर थेट त्या ओळीवर. ग्रेपला ‘हायफन एन’ लावलं आणि फोल्डरभर शोधलं की तोही याच थाटात उत्तर देतो: ‘कपात.पीवाय:२१८’. आकड्यापर्यंतचं उचलायचं, चिकटवायचं, एंटर. पायथनच्या टेस्ट चालवणारं पायटेस्टसुद्धा टेस्ट फसल्यावर असंच छापतं. पायथनचा साधा ट्रेसबॅक (एरर कुठून आली ते दाखवणारा मजकूर) मात्र ओळीचा आकडा वेगळ्या तऱ्हेनं लिहितो, तिथं कोलन आपणच टाकायचा.

दुसरं आवडतं म्हणजे ‘वेट’. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटचा कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबतची टीप, व्हीएस कोडमध्ये लिहायची असेल, तर गिटच्या सेटिंगमध्ये एडिटर म्हणून नुसतं ‘कोड’ देऊन भागत नाही. ती कमांड फाइल उघडून लगेच मोकळी होते, गिटला वाटतं लिहून झालं, आणि मेसेज रिकामा म्हणून कमिट रद्द. सोबत ‘डॅश डॅश वेट’ दिलं की तुम्ही तो टॅब बंद करेपर्यंत गिट गुमान थांबतं.

दोन कारखान्यांच्या कॉन्फिग फाइली ताडून पाहायला ‘हायफन डी’ वापरते. दोन्ही शेजारी-शेजारी उघडतात, फरक रंगवलेला. उसाचा दर एका जागी ३१५० आणि दुसरीकडे ३१०५ असेल तर डोळे ताणावे लागत नाहीत. फोल्डर उघडताना दर वेळी नवी विंडो नको असेल तर ‘हायफन आर’ द्या, आहे त्याच विंडोत उघडतो.

विंडोजवर इन्स्टॉलरच कमांड पाथमध्ये (टर्मिनल जिथं कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) घालतो, फक्त टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. मॅकवर मात्र बहुधा आधी व्हीएस कोडमधली कमांड पॅलेट (कमांड शोधायची पट्टी) उघडून ‘शेल कमांड’ टाइप करायचं आणि पाथमध्ये इन्स्टॉल करणारा पर्याय निवडायचा. एवढं इन्स्टॉल करतानाच उरकायला काय हरकत होती, कळत नाही. यासाठी अर्धा गुण कापते, पाचपैकी साडेचार.

फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर अवतरण चिन्हं विसरू नका. आमच्याकडे ‘गाळप हंगाम जुना’ अशी नावं ठेवणारे थोर लोक आहेत, आणि अवतरणाशिवाय ती तीन वेगळी नावं धरली जातात.

एकच ओळ बदलायची असेल तर मात्र एवढा एडिटर उघडायचा कंटाळा येतो. इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेबच्या तंत्रानं डेस्कटॉप अ‍ॅप बनवायच्या सांगाड्यावर, बांधलेला आहे, आधीपासून चालू नसेल तर उठायला वेळ घेतो. सर्व्हरवर एसएसएचनं (लांबच्या मशीनवर टर्मिनलमधून जोडून) शिरून पोर्ट नंबर बदलायचा असला तर मी अजूनही टर्मिनलमध्येच चालणारा व्हिम एडिटर उघडते.