ग्रोमॅक्ससाठी स्वतःची एएमआय: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचं काम रेणूंच्या सिम्युलेशनचं. प्रथिन पाण्यात सोडायचं, ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर लावायचं आणि प्रथिन कसं हलतं ते बघायचं. संस्थेच्या क्लस्टरवर (सगळ्यांच्या सामायिक संगणकांवर) रांग लांबली की एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरांमध्ये) जीपीयूवाला, म्हणजे ग्राफिक्स कार्ड असलेला, सर्व्हर तासाच्या भाड्याने घ्यायचा, असा शिरस्ता. पण दर वेळी त्यावर एनव्हिडियाच्या कार्डाचा ड्रायव्हर, कार्डावर गणित चालवणारं कुडा, बांधणीचं साधन सीमेक आणि शेवटी सोर्स कोडमधून ग्रोमॅक्सचं कंपाइल. खरं काम सुरू होईपर्यंत अर्धा दिवस जायचा, मीटर मात्र सुरुवातीपासून पळत असायचा. म्हणून सगळं बसवून तयार असलेली डिस्कची नक्कल, म्हणजे इमेज (एडब्ल्यूएसच्या भाषेत एएमआय), करून ठेवली. पावसाळ्यापासून आम्ही तीच वापरतोय.

आधी निकाल सांगते. करून ठेवावी अशीच गोष्ट आहे, पण कन्सोलमधलं (एडब्ल्यूएसच्या वेब पानावरचं) 'क्रिएट इमेज' बटण दाबून नव्हे. तशी इमेज म्हणजे माळ्यावरची अडगळ: कोणी काय टाकलं आणि का, हे दोन महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. कमांडची हिस्टरी, एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या) चाव्या, एखाद्याचं अ‍ॅक्सेस टोकन हेही गुपचूप आत जातं. इमेज दुसऱ्या गटाला दिली की त्यांच्या हातात.

त्यापेक्षा हॅशिकॉर्पचं पॅकर हे इमेज बांधायचं साधन वापरा. पायाला लिनक्सचं उबुंटू 22.04, त्यावर अमुक स्क्रिप्ट, असं एका फाइलमध्ये लिहायचं. पॅकर तात्पुरता सर्व्हर उठवतो, स्क्रिप्ट चालवतो, इमेज काढतो आणि सर्व्हर मोडून टाकतो. फाइल गिटमध्ये राहते, त्यामुळे काय बदललं ते दिसतं. सुरुवातीला एक गोष्ट छळते. सर्व्हर नुकताच उठलेला असतो, मागे क्लाउड-इनिट (सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्राम) आणि आपोआप होणारे अपडेट चालू असतात आणि आपलं एपीटी (उबुंटूत सॉफ्टवेअर बसवणारी कमांड) 'कुड नॉट गेट लॉक', म्हणजे कुलूप दुसऱ्याकडे आहे, म्हणून हात वर करतं. कधी होतं, कधी नाही, त्यामुळे जास्तच वैताग. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'क्लाउड-इनिट स्टेटस --वेट' टाका आणि एपीटीला लॉकसाठी थांबायची मुदत द्या.

खरी ग्यानबाची मेख प्रोसेसरमध्ये आहे. ग्रोमॅक्स ज्या यंत्रावर कंपाइल होतं, त्याच्या प्रोसेसरला जमणाऱ्या सगळ्यात रुंद सिम्ड सूचना, म्हणजे एका फटक्यात अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या, उचलतं. एडब्ल्यूएसच्या जी4डीएन जातीच्या सर्व्हरवर इंटेलचा कॅस्केड लेक असतो, त्याला एव्हीएक्स-512 हा रुंद सूचनांचा संच येतो. जी5 जातीवर एएमडीचा दुसऱ्या पिढीचा एपिक असतो, त्याला येत नाही. त्यामुळे जी4डीएनवर बांधलेली इमेज जी5 वर व्यवस्थित उठते, लॉगिन होतं, कार्ड तपासायची कमांड एनव्हिडिया-एसएमआय कार्ड दाखवते, आणि ग्रोमॅक्समधलं सिम्युलेशन चालवणारं एमडीरन 'इलीगल इन्स्ट्रक्शन' एवढंच बोलून मरतं. माणूस ड्रायव्हर उकरत बसतो. सीमेकला जीएमएक्स_सिम्ड=एव्हीएक्स2_256 (दोघांनाही येणारा कमी रुंद संच) असं स्पष्ट सांगितलं की एकच इमेज दोन्हीकडे चालते. जड गणित कार्डावर होत असल्याने आम्हाला वेगात फरक जाणवला नाही. ग्रॅव्हिटॉन या अ‍ॅमेझॉनच्या प्रोसेसरसाठी मात्र वेगळीच इमेज लागते, कारण तो एआरएम या निराळ्या रचनेचा.

नव्या सर्व्हरचा पहिला काही वेळ मंद जातो, याने घाबरू नका. इमेजमागचा स्नॅपशॉट (डिस्कची साठवलेली प्रत) एस3 मध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइल-साठवणीत, असतो आणि डिस्कचा प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचला जाईल तेव्हाच तिथून येतो. ग्रोमॅक्सची आवृत्ती दाखवणारं 'जीएमएक्स --व्हर्जन' पहिल्यांदा रेंगाळतं, दुसऱ्यांदा चटकन येतं. यावर 'फास्ट स्नॅपशॉट रिस्टोअर' (डिस्क आधीच पूर्ण भरून देणारी सोय) मिळतं, पण त्याचं भाडं तासावर आणि रीजनमधल्या दर झोनला वेगळं. दिवसभर चालणाऱ्या सिम्युलेशनला पाच-दहा मिनिटांसाठी हा खर्च कशाला? त्यापेक्षा इमेज सडपातळ ठेवा. ट्रॅजेक्टरी (रेणूंच्या हालचालींच्या नोंदीच्या फाइली) वगैरे आत कोंबू नका. पुढे प्रत्येक सर्व्हरला निदान तेवढी डिस्क घ्यावीच लागते.

सगळ्यात मोठा फायदा स्पॉटचा झाला. स्पॉट सर्व्हर, म्हणजे एडब्ल्यूएसकडचे रिकामे पडलेले, स्वस्त, पण दोन मिनिटांची नोटीस देऊन काढून घेतात. मांडणीलाच अर्धा दिवस लागत होता तोवर स्पॉटचा विचारही व्यर्थ होता. आता ग्रोमॅक्स दर 15 मिनिटांनी चेकपॉइंट (काम कुठवर आलं याची नोंद) लिहितं, छोटी स्क्रिप्ट तो आणि सोबतच्या आउटपुट फाइली एस3 वर टाकते. सर्व्हर गेला तर त्याच इमेजवर दुसरा उठवायचा, फाइली परत आणायच्या आणि '-सीपीआय' देऊन पुढे चालू. रात्री सर्व्हर गेला तरी सकाळी फार नुकसान झालेलं नसतं.

कटकटीही आहेत. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला आणि ड्रायव्हरचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलं गेलं नाही, तर कार्ड गायब. म्हणून चालू सर्व्हरवर कर्नल रोखून धरतो आणि सुरक्षेचे अपडेट इमेज पुन्हा बांधून घेतो. मुंबईची इमेज हैदराबाद रीजनमध्ये दिसत नाही, कॉपी करावी लागते, मग साठवणीचं भाडं दोन्हीकडे. जुनी एएमआय डीरजिस्टर केली तरी स्नॅपशॉट वेगळा काढायला सांगितल्याशिवाय तो मागेच राहतो आणि बिलात येत राहतो. आमच्याकडे महिनाअखेरीला कोणीतरी एक जण ही झाडलोट करतो.

संस्थेच्या क्लस्टरवर रूट (प्रशासकाचे अधिकार) नसेल तर या इमेजचा तिथे काडीचा उपयोग नाही. तिथे अ‍ॅप्टेनरच (रूटशिवाय कंटेनर चालवणारं साधन) लागतं. संशोधनाच्या पेपरमध्येही एएमआयचा क्रमांक देऊन भागत नाही, कारण उद्या ती काढून टाकली की वाचणाऱ्याच्या हाती काहीच नाही. आम्ही पॅकरची फाइल आणि ग्रोमॅक्सची आवृत्ती देतो.

पुढची इमेज उबुंटू 24.04 वर बांधायची आहे. 22.04 ला 2027 पर्यंत अपडेट मिळणार आहेत, त्यामुळे चालू प्रोजेक्टच्या मध्येच हात घालणार नाही.