व्हॉट्सॲप बिझनेस: सहा वर्षं आणि बरीच भाजणी

डोंबिवलीत घरूनच भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला विकते. दुकान नाही, पाटी नाही. जे काय आहे ते व्हॉट्सॲप बिझनेसवर, म्हणजे धंदेवाल्यांसाठीच्या व्हॉट्सॲपच्या वेगळ्या ॲपवर.

मला सगळ्यात उपयोगी पडतात ती लेबलं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या चॅटवर लावायच्या रंगीत खुणा. ऑर्डर आली की पिवळं, दळण गिरणीत गेलं की निळं, पैसे बाकी असले की लाल. दिवाळीआधी पंधरा दिवस फोन उघडला की रांगोळीचे डबे मांडल्यासारखं दिसतं. वहीत लिहायचे तेव्हा दरवर्षी कुणाची तरी अर्धा किलो भाजणी राहायचीच. कॅटलॉगमध्ये फोटोखाली भाव लिहिलेत, तरी लोक ‘चकलीची कशी दिली?’ विचारतातच. स्लॅश देऊन एक शब्द टाइप केला की अख्खी यादी जाते, माझे पिठाचे हात वाचतात.

आपोआप जाणाऱ्या निरोपाची सेटिंग मात्र नीट वाचा. मी वाचली नव्हती. नणंदेनं रात्री अकराला लेकीचं लग्न ठरल्याचं कळवलं आणि तिला माझ्याकडून उत्तर गेलं, ‘आमची वेळ सकाळी ९ ते ६. धन्यवाद.’ अजून ऐकवते. ओळखीचे नंबर त्यातून वगळता येतात, हे नंतर कळलं.

एवढं सगळं फुकट कसं, हा प्रश्न मला छळायचा. एकेकाळी व्हॉट्सॲपला पहिल्या वर्षानंतर वर्षाला एक डॉलर पडायचा. आपल्यापैकी किती जणांनी भरला देव जाणे. २०१४ मध्ये फेसबुकनं व्हॉट्सॲप विकत घ्यायचा १९ अब्ज डॉलरचा सौदा केला आणि २०१६ मध्ये ती फीही काढून टाकली. बिझनेस ॲप आलं २०१८ च्या जानेवारीत, तेही फुकट.

उत्तर माझ्या दारात चालून आलं. एका एजन्सीचा मुलगा म्हणाला, “ताई, पाच हजार लोकांना एका बटणात मेसेज!” तो विकत होता ती व्हॉट्सॲपचीच, पण मोठ्या कंपन्यांसाठीची व्यवस्था. बँका, विमानकंपन्या तीच वापरतात आणि मेसेजमागे पैसे मोजतात. जाहिरातीचा मेसेज महाग, ऑर्डर निघाल्याचा स्वस्त, आणि गिऱ्हाइकानं स्वतः विचारलं तर चोवीस तासांत दिलेलं उत्तर फुकट. एजन्सीचं कमिशन धरून हिशेब मांडला. पाच हजार मेसेजचे पाच हजार रुपये, मला किलोमागे सुटतात साठ. म्हणजे त्र्याऐंशी किलो भाजणी नुसती मेसेजसाठी भाजायची. त्याला चहा दिला आणि पाठवला.

तर आम्ही फुकटे चाललोय ते त्या मोठ्यांच्या जिवावर. तक्रार नाही. फक्त त्यांच्या ‘५०% सूट’च्या ढिगाऱ्यात माझं ‘ताजी भाजणी तयार आहे’ खाली जातं, आणि २०२५ पासून व्हॉट्सॲपनं स्टेटसमध्येही जाहिराती आणल्यात. माझी निम्मी विक्री स्टेटसवरून होते! कढईत धणे परतताना काढलेला फोटो टाकला की तासाभरात दोन-तीन ऑर्डरी ठरलेल्या.

पाचपैकी चार तारे. पाचवा कापला तो ब्रॉडकास्टसाठी, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवायच्या सोयीसाठी. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून आता भाजणीच्या प्रत्येक पाकिटात चिठ्ठी घालते: ‘नंबर सेव्ह करा. “भाजणी काकू” लिहिलंत तरी चालेल.’