पित्ताशयातील खडे विरघळवणारे थेंब : आमच्या घरातला अनुभव

माझ्या आईच्या पित्ताशयातील खडे शस्त्रक्रियेशिवाय विरघळवून देतो, असे सांगून एका माणसाने गेल्या वर्षी आमच्याकडून ३२,१०० रुपये घेतले. त्या पैशाचे दुःख आता मागे पडले आहे. परंतु फेब्रुवारी ते जून या काळात तिचा आजार ज्या अवस्थेला गेला, ती अवस्था टाळता आली असती. हा माणूस यवतमाळ जिल्ह्यात आमच्याच दारव्हा तालुक्यातील अनेक गावांत फिरला आहे आणि दुसऱ्या नावाने आजही कुठेतरी फिरत असेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जानेवारीत गावच्या महाप्रसादात रोडगे आणि वांग्याची भाजी जेवून आल्यावर मध्यरात्री आईच्या पोटात उजव्या बरगडीखाली जबरदस्त कळ उठली. ती कळ पाठीमागून उजव्या खांद्यापर्यंत जात होती, तिला दोन उलट्या झाल्या आणि पहाटेपर्यंत ती बसूनच होती. यवतमाळला सोनोग्राफी केली, तेव्हा पित्ताशयात १४ मिलिमीटरचा एक मोठा खडा आणि सोबत अनेक बारीक खडे असल्याचे दिसले. तेथील सर्जननी दुर्बिणीने पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला दिला आणि बारीक खडे अधिक धोक्याचे आहेत, ते घसरून पित्तनलिकेत अडकतात, असेही स्पष्ट सांगितले. आई घरी येऊन एवढेच म्हणाली, "मले पोट चिरून घ्याचं नाही, बापू." तिच्या बहिणीचा ऑपरेशननंतर मृत्यू झाला होता, तो निराळ्या आजाराने झाला होता, पण ते समजावून सांगण्यात मी कमी पडलो.

त्याच आठवड्यात तालुक्याच्या बसस्थानकाच्या भिंतीवर मला एक पत्रक दिसले : 'मुतखडा, पित्ताशयातील खडे, विनाऑपरेशन, अमेरिकन सॉल्व्हंट पद्धती'. तो माणूस दर दुसऱ्या रविवारी एका लॉजच्या खोलीत बसत असे. बाहेर पंधरा-वीस माणसे रांगेत होती, त्यांत ओळखीचे दोघे होते, आणि खरे सांगायचे तर ती रांग पाहूनच माझा निम्मा संशय गळून पडला. आत गेल्यावर त्याने टेबलावर एक काचेचा पेला ठेवला, त्यात पेट्रोलसारख्या उग्र वासाचा पातळ द्रव ओतला आणि डबीतून एक पिवळसर तुकडा काढून त्यात टाकला. हा एका रुग्णाच्या पोटातून निघालेला खडा आहे, असे त्याने सांगितले. आम्ही बोलत असतानाच, दहा मिनिटांच्या आत, तो तुकडा नाहीसा झाला. आई त्या पेल्याकडे एकटक पाहत होती. त्यानंतर त्याने मोबाइलवर इंग्रजीतील एक कागद दाखवला आणि अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९८५ पासून हे द्रव्य वापरले जाते, "पण आपल्याकडचे सर्जन ते सांगत नाहीत, कारण त्यांचे ऑपरेशन बंद पडेल," असे सांगितले.

मी सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव आहे. माझ्या हातातून कर्जाचा कागद सही-शिक्क्याशिवाय पुढे जात नाही. तरीही त्या दिवशी मी त्याची नोंदणी विचारली नाही, पावती मागितली नाही आणि पेल्यातील तो तुकडा कोणाचा, याचा एकही पुरावा पाहिला नाही. एक गोष्ट मात्र तेव्हाही माझ्या लक्षात आली होती : पेल्यातल्या द्रवाला पेट्रोलचा वास होता आणि आम्हाला तोंडाने घ्यायला दिलेल्या थेंबांच्या बाटलीला पुदिना आणि नीलगिरीचा. म्हणजे दोन्ही द्रव एकच नव्हते. हे मला तिथेच विचारायला हवे होते.

मेयो क्लिनिकची गोष्ट त्याने अर्धीच सांगितली होती. उरलेली अर्धी मला नंतर नागपूरच्या डॉक्टरांकडून कळली आणि माझ्या मते साऱ्या फसवणुकीचे मूळ त्या न सांगितलेल्या भागात आहे. मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर नावाचे द्रव्य, जे पेट्रोलमध्येही मिसळले जात असे, कोलेस्टेरॉलचे खडे विरघळवते, हे खरे आहे. साधे ईथर सुमारे ३५ अंशांना उकळते, त्यामुळे शरीराच्या उष्णतेतच त्याची वाफ होते. हे द्रव्य ५५ अंशांना उकळते, म्हणून शरीरात ते द्रवच राहते आणि म्हणूनच संशोधकांनी ते निवडले. परंतु ते कोणालाही तोंडाने पाजले जात नव्हते. रुग्णालयात यंत्रावर पाहत, त्वचेतून आणि यकृतातून सुई घालून, एक बारीक नळी थेट पित्ताशयात नेऊन ठेवावी लागे आणि त्या नळीतून ते द्रव्य थोडे-थोडे आत सोडणे व लगेच ओढून घेणे असे तासन्‌तास चालवावे लागे. जरा जास्त झाले तर ते आतड्यात उतरून तेथे दाह होई, रक्तात शोषले जाऊन रुग्णाला गुंगी येई. शिवाय चुना धरलेल्या किंवा पित्तरंजकाच्या, म्हणजे पित्तातील रंगद्रव्याच्या, काळ्या खड्यांवर त्याचा उपयोग होत नसे आणि पित्ताशय जागेवरच राहत असल्यामुळे साधारण निम्म्या रुग्णांना पाच वर्षांच्या आत पुन्हा खडे होत. जर्मनीतील सर्जन एरिख म्युहे यांनी १९८५ मध्येच दुर्बिणीने पित्ताशय काढून दाखवले, १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी ती शस्त्रक्रिया भारतात सुरू केली आणि त्यानंतर विरघळवण्याची ती पद्धत मागे पडली. ती कोणी दडवलेली नाही. तिच्यापेक्षा सोपा आणि कायमचा उपाय हाती आला.

गिळलेले थेंब पित्ताशयापर्यंत का जात नाहीत, हेही त्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि तेथून आतड्यात येते. तोंडातून गेलेला पदार्थ जठरातून आतड्यात उतरतो, उलट चढून पित्ताशयात शिरत नाही. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या ज्या गोळ्या डॉक्टर काही मोजक्या रुग्णांना देतात, त्या रक्तात शोषल्या जाऊन यकृतामार्फत पित्ताचीच घडण बदलतात. म्हणून त्यांना सहा महिने ते दोन वर्षे लागतात आणि त्या लहान, चुना नसलेल्या खड्यांवर, तेही पित्ताशय नीट काम करत असेल तरच, लागू पडतात. आईचा १४ मिलिमीटरचा खडा त्यात बसत नव्हता.

उपचाराचा एक टप्पा ९,५०० रुपयांचा होता. दर टप्प्याच्या आधी हातात धातूची दांडी धरायला देऊन संगणकावर 'तपासणी' होई, तिचे १,२०० रुपये वेगळे. त्या यंत्राच्या छापील अहवालात खडा १४ वरून ९ आणि ९ वरून ५ मिलिमीटर झाल्याचे लिहिलेले असे. खरी सोनोग्राफी करून पाहतो, असे मी दोनदा म्हणालो, तेव्हा सोनोग्राफीच्या लहरींनी औषधाचा गुण उडून जातो, असे उत्तर मिळाले. माझा भ्रम टिकून राहिला तो मुख्यतः या एका वाक्यामुळे.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी आईला रात्री जुलाबाचे मीठ, एक मोठा पेला ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस घ्यावा लागे. रात्रभर तिचे हाल होत आणि सकाळी चाळणीत वाटाण्याएवढ्या मऊ हिरव्या गोळ्या मिळत. चाळीस-पन्नास निघाल्या, तेव्हा आईने त्या धुऊन काचेच्या बरणीत भरल्या आणि कोनाड्यात ठेवल्या. शेजारच्या बाया येत, ती बरणी दाखवून आई म्हणे, "पाहा वो, एवढे गोटे होते माह्या पोटात." तिचा चेहरा इतका समाधानी मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्या बरणीमुळे आमच्या गावातील आणखी चौघांनी त्या माणसाकडे पैसे भरले, ही गोष्ट मला आजही लागून राहिली आहे.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर गेला. एका दुपारी आईने बरणी उचलली, तेव्हा आत एकही गोळी नव्हती. तळाशी हिरवट तेल साचले होते. मी फोन केला. औषधाने खडे इतके मऊ झाले आहेत की उन्हातच वितळले, असे तो म्हणाला. वस्तुस्थिती अशी की, न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी अशाच एका रुग्ण स्त्रीने आणलेले 'खडे' तपासले, तेव्हा ते ४० अंशांना दहा मिनिटांत वितळून त्यांचे हिरवे तेल झाले आणि त्यात कोलेस्टेरॉल नव्हते. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. तेल आणि लिंबाचा रस आतड्यात एकत्र येऊन साबणासारख्या गोळ्या बनतात. आई ते तेल प्यायली नसती, तर त्या गोळ्या कधीच निघाल्या नसत्या.

मृगाच्या पेरणीची गडबड चालू असताना आईला थंडी वाजून ताप भरला, डोळे पिवळे झाले आणि लघवी चहासारखी गडद होऊ लागली. गावात आधी काविळीचे झाड बांधून पाहू, असे काही जण म्हणाले. या वेळी मी ऐकले नाही आणि रात्रीच गाडी करून नागपूर गाठले. बारीक खडा पित्तनलिकेत अडकून तेथे जंतुसंसर्ग झाला होता. तोंडातून दुर्बीण घालून तो खडा काढला आणि सहा दिवसांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पित्ताशय इतके सुजून आजूबाजूला चिकटले होते की दुर्बिणीची शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडून पोट उघडावे लागले. ज्या टाक्यांच्या भीतीने आई लॉजच्या त्या खोलीत गेली होती, ते लांब टाके तिला त्या खोलीमुळेच मिळाले. जानेवारीत हीच शस्त्रक्रिया केली असती, तर चार छोट्या छिद्रांवर काम झाले असते. खर्च १,४६,००० रुपये आला. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा विचार करायलाही त्या रात्री वेळ नव्हता. जानेवारीत हातात वेळ होता, तेव्हा रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारता आले असते.

पित्ताशय काढल्यावर पचनच संपते, असे त्या माणसाने आईच्या मनात भरवले होते. पित्त यकृतच तयार करते, पित्ताशय केवळ ते साठवते. आई आज भाकरी, भाजी, वरण व्यवस्थित खाते.

मी बरा झालेला रुग्ण आहे असे भासवून त्याच्या क्रमांकावर फोन लावला, तर तो बंद होता. लॉजच्या नोंदवहीत वेगळेच नाव निघाले. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे आणि ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात त्या कायद्याने मना आहे, त्यांच्या यादीत पित्ताशयातील खड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ते भिंतीवरचे पत्रक हाच गुन्हा होता. मी पत्रकाचा फोटो काढला नव्हता, पावती घेतली नव्हती, पैसे रोख दिले होते. यंत्राचे तीन छापील अहवाल आणि उरलेली अर्धी बाटली एवढेच मी पोलिसांना देऊ शकलो. आपल्या गावात असे पत्रक लागले असेल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा आणि पैसे मोजण्यापूर्वी त्या माणसाचा नोंदणी क्रमांक लिहून मागा.

डॉक्टरांनी आईचा खरा खडा आम्हाला डबीत दिला. तो तपकिरी आणि दगडासारखा टणक आहे, आणि मी तो त्याच कोनाड्यात ठेवला आहे. गावातील ज्या चौघांनी पैसे भरले होते, त्यांना घरी बोलावून आईने स्वतः तो त्यांच्या हातात दिला. तिघांची सोनोग्राफी मी सोबत जाऊन करवून घेतली. तिघांचेही खडे होते तसेच आहेत आणि त्यांपैकी एकाची शस्त्रक्रिया झाली आहे. चौथ्या काकू अजून थेंब घेत आहेत. आई रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते.