एटिमॉनलाइन : 'हॉस्पिटल'च्या कुळावर घासून पाहिलेला व्युत्पत्तिकोश

इंग्रजी शब्द कुठून आला हे शोधायला निघालं की बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा लागतो तो एटिमॉनलाइन, म्हणजेच ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे डग्लस हार्पर यांनी मुख्यतः एकट्याच्या मेहनतीने उभारलेला हा कोश फुकट वापरता येतो. त्यासाठी नाव नोंदवावं लागत नाही आणि शोधपट्टीत शब्द टाकला की नोंद समोर येते. पण कोशाची पारख इकडची चार पानं, तिकडची चार पानं चाळून होत नाही. एखादं शब्दकुळ घ्यावं, त्याच्या प्रत्येक नोंदीतून फिरावं आणि दुवे कुठे जुळतात, कुठे निसटतात ते बघावं. त्यासाठी इथे हॉस्पिटल, हॉटेल, हॉस्टेल, होस्ट, गेस्ट, होस्टेज आणि हॉस्टाइल हे कुळ घेतलं आहे. यातले निम्मे शब्द मराठी माणूस दिवसभर बोलतो, शिवाय याच घरातला 'इस्पितळ' आपल्याकडे वेगळ्या वाटेने आला आहे.

सुरुवात 'हॉस्पिटल'पासून करा. 'हॉस्पिटॅलिटी'सारख्या साधित शब्दापासून सुरुवात केली तर त्रोटक नोंद मिळते आणि ती मूळ शब्दाकडे पाठवते, म्हणजे एक फेरी फुकट जाते. 'हॉस्पिटल'च्या नोंदीत आधी तेराव्या शतकाच्या मध्याचा काळ आणि 'गरजूंचा निवारा' हा अर्थ दिलेला आहे. पुढे शब्द जुन्या फ्रेंचमधून आल्याचं सांगितलं आहे, त्यामागे उत्तरकालीन लॅटिन 'होस्पिताले' म्हणजे पाहुण्यांचं घर, आणि त्याच्याही मागे 'होस्पेस'. या लॅटिन शब्दाचा अर्थ पाहुणाही होतो आणि यजमानही. 'आजारी किंवा जखमी लोकांची संस्था' हा आजचा अर्थ मात्र १५४० च्या दशकातला. म्हणजे शब्द इंग्रजीत आल्यावर जवळपास तीनशे वर्षं त्याचा रोगाशी नेमका असा संबंध नव्हता.

नवखा वाचक सगळ्यात जास्त इथेच फसतो. कोशात '१३' आकडा आणि पुढे 'सी' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तेरावं शतक, म्हणजे साधारण १२०० ते १२९९. 'मिड' जोडलेलं असेल तर १२५० च्या आसपास. घाईत वाचणारा त्याचं १३५० करून टाकतो. १६४० या आकड्याला 'एस' चिकटलेला असला की ते पूर्ण दशक धरायचं, एक साल नव्हे. सुटा 'सी' वर्षाच्या आधी आला तर 'सुमारे'. आणि ही सगळी सालं शब्द पहिल्यांदा लिखाणात सापडल्याची आहेत, जन्माची नव्हेत. लोकांच्या तोंडी तो आधीपासून असू शकतो.

जुना अर्थ कळला की इंग्लंडमधली काही नावं उलगडतात. लंडनमधल्या चेल्सीचं रॉयल हॉस्पिटल दुसऱ्या चार्ल्सने १६८२ मध्ये स्थापलं ते म्हाताऱ्या आणि जायबंदी सैनिकांना राहायला, आणि आजही तिथे निवृत्त सैनिक राहतात. क्राइस्ट्स हॉस्पिटल ही तर चक्क शाळा आहे, १५५२ पासूनची, गरीब मुलांसाठी काढलेली. नोंदीतला 'गरजूंचा निवारा' न वाचता पुढे गेलेला अनुवादक या दोन्ही ठिकाणी 'रुग्णालय' लिहून मोकळा होतो, आणि छापील मजकुरात ही चूक अनेकदा दिसते.

'हॉटेल' आणि 'हॉस्टेल' ही त्याच 'होस्पिताले'ची झिजलेली रूपं. 'हॉस्टेल' तेराव्या शतकातच इंग्रजीत आला, नंतर प्रचारातून गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा वर आला. 'हॉटेल' इंग्रजांनी फ्रेंचमधून दुसऱ्यांदा उचलला. १६४० च्या दशकात त्याचा अर्थ मोठा वाडा किंवा सरकारी निवासस्थान असा होता. 'बऱ्या दर्जाची खानावळ-धर्मशाळा' हा अर्थ १७६५ चा. पॅरिसच्या नगरपालिकेची इमारत 'ओतेल द व्हिल' का, आणि तिथलंच पुरातन रुग्णालय 'ओतेल-द्यू' का, हे इथे लक्षात येतं. फ्रेंच 'ओतेल' आणि 'ओपिताल' लिहिताना ओ अक्षरावर जी छोटी टोपी येते, ती गळालेल्या 'एस'ची खूण आहे. फ्रेंच अकादमीच्या कोशाने १७४० च्या आवृत्तीत अशा कित्येक शब्दांतला मुका 'एस' काढून ही टोपी चढवली. इंग्रजी 'फॉरेस्ट'मध्ये 'एस' आहे आणि फ्रेंच 'फोरे'मध्ये टोपी, तोच प्रकार. एटिमॉनलाइन जुनी रूपं ओळीने देतो, त्यामुळे 'एस' कोणत्या टप्प्यावर गेला ते डोळ्यांनी दिसतं. मात्र टोपीचा नियम आपल्याला बाहेरून ठाऊक असावा लागतो.

'होस्ट' शोधलात की एकाच स्पेलिंगचे तीन वेगळे शब्द येतात. नामाच्या खुणेपुढे १, २, ३ असे आकडे असतात ते याचसाठी. पहिला यजमान, 'होस्पेस'वरून. दुसरा सैन्य किंवा मोठा जमाव, लॅटिन 'होस्तिस'वरून, ज्याचा अर्थ शत्रू. तिसरा चर्चमधला पवित्र प्रसाद, 'होस्तिया' म्हणजे बळी, यावरून. आकडा न बघता पहिलीच नोंद उचलली तर बायबलमधल्या 'लॉर्ड ऑफ होस्ट्स'चा अर्थ यजमानांचा प्रभू होऊन बसतो. तिथे सेना अभिप्रेत आहे.

आता धातूचं पान. या कोशात खरी श्रीमंती इथे आहे. 'होस्ट' आणि 'गेस्ट' दोघांखाली 'घोस्ति' या आदिम भारत-युरोपीय भाषेतल्या धातूचा, म्हणजे शब्दमुळाचा, दुवा आहे. त्याच्या आधी लावलेली तारका विसरू नका. तारका म्हणजे हे रूप कुठल्याही शिलालेखात किंवा पोथीत मिळालेलं नाही, वंशज भाषा ताडून अभ्यासकांनी बांधलेलं आहे. अर्थ परका, पाहुणा, यजमान. नेमका सांगायचा तर ज्याच्याशी पाहुणचाराची देवघेव बांधलेली आहे असा माणूस. हा अर्थ धरला की पाहुणा, यजमान आणि शत्रू एका मुळातून कसे निघाले याचं नवल उरत नाही. वेशीवर आलेला परका एकतर घरात घ्यायचा, नाहीतर अडवायचा. लॅटिनमध्ये 'होस्तिस' आधी नुसता परका होता, शत्रू नंतर झाला. खुद्द रोमन लेखक सिसरोने लिहून ठेवलं आहे की आपण ज्याला आता परदेशी म्हणतो त्याला पूर्वज 'होस्तिस' म्हणत. 'हॉस्टाइल' तिथूनच आला.

धातूच्या पानावर दोन याद्या असतात. पहिलीत त्या धातूतून 'पूर्णतः किंवा अंशतः' बनलेले इंग्रजी शब्द, दुसरीत धातू होता याचे पुरावे, म्हणजे ग्रीक, लॅटिन, स्लाव्ह वगैरे भाषांतली रूपं. दुसरी यादी आधी वाचा. पहिलीत सगळे शब्द एका रांगेत बसवलेले असल्याने सगळी नाती सारखीच पक्की वाटतात आणि तसं नसतं. परक्यांचा द्वेष सांगणाऱ्या 'झेनोफोबिया'तलं 'झेनो' याच कुळात घातलं आहे. ग्रीक 'झेनोस'चं हे नातं सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. यादीत ते पहिल्या पंक्तीला बसलेलं असतं आणि शंकेची खूण तिथे दिसत नाही.

मराठी वाचकाला विशेष जपायची जागा 'होस्पेस'मध्ये आहे. त्याचा दुसरा भाग 'पोति' या धातूकडे नेला जातो, आणि त्या पानावर संस्कृत 'पति' भेटतो. म्हणजे 'होस्पेस' शब्दशः 'पाहुण्यांचा पती', घरधनी. (त्याच पानावरचा 'डेस्पॉट' बघाच. त्यातला 'डेस' आणि आपल्या 'दंपती'तला 'दं' दोन्ही घरवाचक. जुलमी राजा आणि नवरा-बायको असे एकत्र भेटतील असं कुणाला वाटलं असतं!) पण इथे 'पति' पुराव्यात आहे, वंशावळीत नाही. कोशात 'फ्रॉम' लिहिलं असेल तर शब्द त्यातून आला. 'कॉग्नेट', 'कम्पेअर' किंवा 'सोर्स ऑल्सो ऑफ' असेल तर तो चुलतभाऊ. ही एक ओळ न कळल्याने 'हॉस्पिटल संस्कृतातून आलं' असे संदेश फिरतात. आपला 'अतिथी' तर या कुळातला नाहीच. परंपरा त्याची फोड 'ज्याची तिथी ठरलेली नाही' अशी करते आणि आधुनिक भाषाशास्त्र त्याला फिरणे या अर्थाच्या 'अत्' धातूकडे नेतं. दोन्हींत 'घोस्ति' कुठेच येत नाही.

दिसायला सारखा पण परका आणखी एक आहे, 'घोस्ट'. 'गेस्ट'शी ध्वनी जुळतो, धातू वेगळा. त्यातला 'एच' तर छपाईच्या काळात घुसला. इंग्रजीतला पहिला मुद्रक कॅक्स्टन फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमच्या भागात) राहून आला होता, तिकडच्या स्पेलिंगच्या वळणाने 'एच' शिरला आणि कायमचा राहिला. अशी फारकत हा कोश स्वच्छ करतो.

मतभेद असेल तिथे तो मांडतो हीसुद्धा जमेची बाजू. 'होस्टेज'ची नोंद वाचा. एक मत, शब्द 'होस्ट'च्या घराण्यातला, यजमानाकडे तारण म्हणून ठेवलेला पाहुणा. दुसरं मत, उगम लॅटिन 'ओब्सेस' म्हणजे ओलीस, ज्यात बसणे या अर्थाचा धातू आहे. कोश दोन्ही देतो. जे संकेतस्थळ अशा शब्दाला एकच ठाम उगम देतं, त्याच्या बाकीच्या नोंदीही जरा जपूनच घ्याव्यात.

उणिवा तीन. पहिली मोठी : उतारे नाहीत. 'हॉटेल'चा नवा अर्थ १७६५ मध्ये सापडतो असं म्हटलं, पण कुठल्या वाक्यात, कोणाच्या, हे तपासायला कोशात काही मिळत नाही. ते हवं असेल तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. तिथे प्रत्येक अर्थाखाली सालासकट वाक्यं असतात. ती वर्गणीची आहे, तरी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं सभासदत्व असेल तर आधी तिथे चौकशी करा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्डावर ती घरबसल्या फुकट उघडते. दुसरी : नोंदींच्या मध्ये जाहिराती येतात, आणि मोबाइलवर लांब नोंद वाचताना त्यांनी ओळ तुटते. संगणकावर वाचणं बरं.

तिसरी आपल्याला लागणारी. कोश इंग्रजीपाशी थांबतो, शब्द पुढे कुठे गेला ते सांगत नाही. त्यामुळे 'इस्पितळ' त्यात नाही. तो इंग्रजीतून नव्हे, पोर्तुगीजमधून आला. त्या भाषेत 'एच' मुका, म्हणून आपल्या शब्दात 'ह' नाही. शिवाय 'हॉस्पिटल'मध्ये इंग्रजी 'टी'चा 'ट' झाला आणि 'इस्पितळा'त पोर्तुगीज 'टी'चा 'त', जसा 'फीत' आणि 'मेस्त्री'त झाला. ('बटाटा' हा नियम मोडतो, म्हणून नुसत्या एका अक्षरावर निवाडा देऊ नये.) जुन्या गोव्यात सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांचं शाही इस्पितळ चालू होतं, तेव्हा शब्दाला यायला वाट मोकळी होती. ही बाजू पाहायला कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्तिकोश हाताशी हवा. विक्शनरीवर शब्दाचे पुढचे वंशज दाखवायची सोय आहे, पण कोणीही भर घालू शकत असल्याने तिथली नोंद दुसरीकडे पडताळून घ्या. आणि 'हॉटेलात चहा घेऊ' यातला, खोलीशी काही देणंघेणं नसलेला मराठी अर्थ एटिमॉनलाइनमध्ये शोधत बसू नका. तो आपल्याकडे घडलेला आहे.

इंग्रजी शिकवणारे, अनुवादक, मुद्रितशोधक यांनी हा कोश रोज उघडावा, पाचपैकी साडेचार. शोधनिबंधात दाखला द्यायचा असेल तर इथून सुरुवात करून शेवटचं साल ऑक्सफर्डवरून घ्यावं, त्या कामापुरते तीन. वापरताना क्रम असा ठेवा : आधी आकड्याची नोंद नीट निवडा, काळ वाचा, 'फ्रॉम'ची साखळी कागदावर उतरवा, मग धातूच्या पानावर जा आणि परत येताना नोंदीच्या तळाशी दिलेले संबंधित शब्द बघा. 'हॉस्पिटल'वरून निघालात तर तळाच्या त्या यादीत 'हॉस्पिस'ही हाती लागेल. मुळात तो प्रवाशांचा विसावा, आणि शेवटच्या आजारातल्या माणसांची सुश्रूषा हा अर्थ जगभर रुजला तो १९६७ मध्ये सिसिली साँडर्स यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केल्यानंतर.