उन्हाळ्यात बंद पडणारी कॉन्टेसा आणि चिकलठाण्याचे गॅरेज

माझी १९९४ ची कॉन्टेसा क्लासिक सलग दोन उन्हाळे बीडच्या पुढे मांजरसुंबा घाटात बंद पडली. एरवी तिची फारशी तक्रार नसे. मात्र मे महिन्यातल्या दुपारी ट्रकच्या मागे हळूहळू घाट चढू लागलो की इंजिन आधी गचके देई, मग दम सोडी. बोनेट उघडून पाऊण तास थांबले की पुन्हा निमूट सुरू होई. आधीच्या दोन ठिकाणी पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर साफ झाला, ठिणगीचे पॉइंट-कंडेन्सर बदलले, नवा एसी पंपही (इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप) माझ्या गळ्यात मारला गेला, पण दुखणे जागचे हलले नाही.

चिकलठाणा एमआयडीसीजवळच्या या गॅरेजमधील उस्तादांनी पहिल्या दिवशी पान्याला हातही लावला नाही. भर दुपारी गाडी जालना रस्त्यावर तापवून आणली, पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि म्हणाले, "साहेब, आता फक्त नळीकडे बघत राहा." थोड्या वेळाने मोहरीएवढे बुडबुडे दिसू लागले, मग पेट्रोलची धार मध्येच तुटली आणि इंजिन अडखळले. पंपावर ओले फडके टाकताच धार पुन्हा सलग झाली. इतकी स्वच्छ परीक्षा मी यापूर्वी पाहिली नव्हती.

पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असून त्यातील हलके घटक साधारण ३५ ते ४० अंशांनाच उकळू लागतात. इंजिनाला चिकटून बसलेला पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतील दाब घटतो, त्यामुळे ते आणखी लवकर उकळते, आणि वाफ पुढे ढकलणे त्या पंपाला जमत नाही. उस्तादांनी जुनी रबरी नळी उभी चिरून दाखवली. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ती आतून मऊ पडली होती आणि तिला बारीक चिरा गेल्या होत्या. तेथूनही हवा ओढली जात असणार.

त्यांनी टाकीजवळ कमी दाबाचा विजेवरचा पंप बसवला, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेली, सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आणि कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारे जाड बॅकेलाइटचे पॅकिंग दिले. इंजिन बंद केल्यावर खालून चढणाऱ्या उष्णतेने कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळून इंजिनात सांडते. चहाला थांबल्यावर गाडी पटकन सुरू होत नसे ती यामुळेच. पेट्रोलचा दाब गेज लावून ३ पीएसआयच्या आसपास ठेवला, कारण तो फार वाढला तर कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई पेट्रोल अडवू शकत नाही.

एक उणीव मात्र गंभीर होती. पंपाची वायर थेट इग्निशनला जोडली होती, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडले तरी चावी फिरवेपर्यंत पंप पेट्रोल फेकतच राहिला असता. इंजिन थांबून ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा स्विच मी आग्रह धरल्यावर बसवला गेला. तो त्यांनी न सांगता बसवायला हवा होता. चार दिवसांच्या कामाला आठ दिवस लागले, हेही नोंदवतो.

या मे महिन्यात सामान आणि चार माणसे घेऊन तोच घाट भर दुपारी दोनदा चढलो. गाडी एकदाही अडखळली नाही. पंपाची घरघर मागच्या सीटवर थोडी जास्त ऐकू येते, त्याखाली रबरी बुश टाकून देण्यासाठी उस्तादांनी पुढच्या आठवड्यात बोलावले आहे.