राउटर-स्विचला कोणतं सर्टिफिकेट: सेल्फ-साइन्ड, स्वतःचं सीए की लेट्स एन्क्रिप्ट?

नेटवर्क स्विचचा आयपी ब्राउझरमध्ये टाकला की त्याच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे डिजिटल ओळखपत्रावर, विश्वास नसल्याचा इशारा येतो. आपण न वाचताच पुढे जातो आणि ॲडमिनचा पासवर्ड टाकून मोकळे होतो. माझा आक्षेप या सवयीवर आहे, सेल्फ-साइन्ड (स्वतःच्याच कीने सही केलेल्या) सर्टिफिकेटवर नाही. एन्क्रिप्शन तिन्ही पर्यायांत सारखंच मजबूत असतं. समोर खरंच आपलाच स्विच आहे, ही खात्री कोण देतं, एवढाच काय तो फरक. डोळे झाकून पुढे जायची सवय लागली, की मध्येच कुणी बसलेला असला तरी पासवर्ड त्याच्या हाती पडतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

सेल्फ-साइन्ड

एक-दोन डिव्हाइस असतील आणि सांभाळणारे तुम्ही एकटेच असाल, तर हेच घ्या. ना डोमेन लागतं, ना इंटरनेट. मात्र डिव्हाइससोबत आलेलं सर्टिफिकेट तसंच ठेवू नका. एकाच मॉडेलच्या अनेक नगांत एकच खासगी की (सर्टिफिकेटमागची गुप्त किल्ली) असल्याचं यापूर्वी आढळलेलं आहे. नवीन बनवताना नाव आणि आयपी दोन्ही 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम'मध्ये (सर्टिफिकेटमधली नावं-आयपींची यादी) घाला. क्रोमने 2017 मध्ये, 58 व्या आवृत्तीपासून, कॉमन नेम (सर्टिफिकेटमधला नावाचा जुना रकाना) बघणं सोडून दिलं. जुन्या स्विचच्या पानावर फक्त कॉमन नेमचाच रकाना असेल, तर सर्टिफिकेट ओपनएसएसएल या टूलने बाहेर बनवून अपलोड करा. आयफोन किंवा मॅकवरून उघडणार असाल तर मुदत 825 दिवसांच्या आत ठेवा.

आता खरं काम. लॅपटॉप केबलने थेट स्विचला जोडा, पान उघडा आणि ब्राउझरमध्ये दिसणारा एसएचए-256 फिंगरप्रिंट (सर्टिफिकेटची आकडे-अक्षरांतली ओळखखूण) तुम्ही बनवलेल्या फाइलच्या फिंगरप्रिंटशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. जुळला तरच ते सर्टिफिकेट लॅपटॉपच्या विश्वासू यादीत टाका. त्यानंतर कधी इशारा आला, तर हात थांबवा, कारण आता त्या इशाऱ्याला अर्थ आहे.

एक खोच: काही राउटर फॅक्टरी रिसेटनंतर नवीन सर्टिफिकेट बनवतात, पण जारी करणाऱ्याचं नाव आणि अनुक्रमांक जुनाच ठेवतात. अशा वेळी फायरफॉक्स पुढे जायचं बटणच देत नाही. जुनी नोंद त्याच्या सर्टिफिकेट मॅनेजरमधून काढावी लागते.

स्वतःचं सीए

डिव्हाइस पाच-सहा झाले किंवा सांभाळणारे दोघं-तिघं झाले, की फिंगरप्रिंट ताडणं कुणीच करत नाही. मग स्वतःच सीए, म्हणजे सर्टिफिकेटांवर सही करणारी संस्था, व्हा: एक रूट (मूळ) सर्टिफिकेट बनवा, ते प्रत्येकाच्या मशीनवर एकदाच बसवा आणि सगळ्या डिव्हाइसची सर्टिफिकेटं त्याने साइन करा. माझी पसंती यालाच आहे. पण जबाबदारी मोठी आहे: ही रूट की (रूट सर्टिफिकेटची खासगी की) चोरीला गेली तर चोर तुमच्या मशीनना कुठलीही साइट खरी म्हणून दाखवू शकतो. म्हणून ती पासफ्रेझ (लांब पासवर्ड) लावून, नेटवर्कपासून तोडलेल्या जागी ठेवा. अँड्रॉइडची अडचण वेगळी आहे. सातव्या आवृत्तीपासून बहुतेक ॲप वापरकर्त्याने बसवलेलं रूट मानत नाहीत. क्रोम ब्राउझरमधून मात्र चालतं.

लेट्स एन्क्रिप्ट

ही मोफत सर्टिफिकेट देणारी सार्वजनिक सीए; तिच्यावर ब्राउझर आधीपासूनच विश्वास ठेवतात. ज्यांच्या मशीनला तुम्ही हात लावू शकत नाही, अशांना पान उघडायचं असेल तरच हा मार्ग धरा. स्वतःचं डोमेन हवं; 192.168 ने सुरू होणाऱ्या आयपीला किंवा डॉट-लोकल नावाला लेट्स एन्क्रिप्ट सर्टिफिकेट देत नाही. डिव्हाइस इंटरनेटवर उघडा टाकायची मात्र गरज नाही, डोमेनच्या डीएनएस नोंदीतून पडताळणी होते. डिव्हाइसचं नाव सार्वजनिक नोंदवहीत कायमचं दिसतं, त्यामुळे नाव विचार करून ठेवा. नेहमीची मुदत 90 दिवसांची, आणि 15 मार्च 2029 पासून सगळ्याच सार्वजनिक सर्टिफिकेटांना 47 दिवसांची मर्यादा येणार आहे. ज्या स्विचवर फाइल हातानेच चढवावी लागते, तिथे हे निभणार नाही.

काहीही निवडलंत तरी आधी डिव्हाइसचं घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा) जोडा. अनेक स्वस्त राउटरमध्ये घड्याळाला बॅटरीच नसते. वीज गेली की तारीख मागे जाते आणि त्या क्षणी बनवलेल्या सर्टिफिकेटवर चुकीची मुदत छापली जाते.