ईआरपीनेक्स्ट: कोअरला हात न लावता कस्टमायझेशन, आठ-नऊ महिन्यांनंतर

मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानासाठी ईआरपीनेक्स्ट (बिलं, माल, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) लावलंय, आता आठ-नऊ महिने होत आले, त्यामुळे फीचर्स वगैरे सोडून थेट कोडबद्दल लिहितो. सिस्टम ओपन सोर्स, मुंबईत बनलेली, खाली पाया म्हणून फ्रॅपे फ्रेमवर्क, पण हमाली-तोलाई त्यात आयती थोडीच मिळणार, बदल करावेच लागतात. मग ते ठेवायचे कुठे?

मी कोअर, म्हणजे ईआरपीनेक्स्टचा मूळ कोड, फोर्क न करता (त्याची स्वतःची प्रत काढून त्यातच बदल न करता) वेगळं कस्टम अ‍ॅप काढलं. फोर्क करणाऱ्यांची अपडेटच्या वेळची अवस्था बघितलीये, नको रे बाबा. फील्ड्स (फॉर्मवरचे जादा रकाने) स्क्रीनवरूनच टाकता येतात आणि फिक्स्चर्स म्हणून, म्हणजे अ‍ॅपच्या फाइलीत, एक्स्पोर्ट केले की कोडसोबत गिटमध्ये येतात, फक्त फिल्टर लावा, नाहीतर साइटवरचे सगळेच कस्टम फील्ड्स, दुसऱ्या अ‍ॅप्सचे पण, तुमच्या फाइलीत येऊन बसतात.

खरी मजा हुक्समध्ये आहे, म्हणजे कोअरला आपला कोड जोडायच्या ठरलेल्या जागांमध्ये. बिल सेव्ह होताना आपलं फंक्शन चालवायचं तर डॉक इव्हेंट्स, आणि त्या बिलाचा कोड असलेला अख्खा क्लासच बदलायचा तर ओव्हरराइड. दुसरा मोह आवरा. एकाच डॉकटाइपचा (बिल, पावती अशा कागदाच्या प्रकाराचा) क्लास दोन अ‍ॅप्सनी ओव्हरराइड केला तर शेवटी इन्स्टॉल झालेलं जिंकतं, पहिल्याचं काम गपचूप बंद, एरर पण नाही! शिवाय सुपर कॉल (मूळ क्लासचं फंक्शन बोलावणं) राहिला की कोअरचं व्हॅलिडेशनच, म्हणजे सेव्ह आधीची तपासणी, चालत नाही. डॉक इव्हेंट्समध्ये सगळ्या अ‍ॅप्सची फंक्शन्स चालतात, कोणी कोणाला खात नाही. पण क्रम ध्यानात ठेवा, व्हॅलिडेटला लावलेलं तुमचं फंक्शन कोअरच्या व्हॅलिडेट नंतर चालतं, म्हणजे तिथे हमालीची ओळ टॅक्स टेबलात घातली तरी टोटल आधीच लागून गेलेली असते, ओळ दिसते पण रक्कम जुनीच. ती ओळ त्याच्या आधी चालणाऱ्या बिफोर व्हॅलिडेटमध्ये घाला, मग हिशोब बरोबर लागतो. हे डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक हवं होतं असं माझं मत.

हे मोठ्या कामाला पुरेल का असं वाटत असेल तर इंडिया कम्प्लायन्स अ‍ॅपचा कोड वाचा. व्हर्जन १४ पासून जीएसटीचं सगळं कोअरमधून काढून तिकडे नेलंय आणि बहुतेक काम हुक्सवरच चालतं. मला तरी डॉक्युमेंटेशनपेक्षा त्या हुक्सच्या फाइलीतून जास्त कळलं.

आणि दोन फील्ड्स आणि एक पट्टीचा प्रिंट फॉरमॅट एवढंच हवं असेल तर अ‍ॅप-बिपच्या भानगडीत पडूच नका, स्क्रीनवरचं कस्टमाइज फॉर्म आणि प्रिंट फॉरमॅट बिल्डर पुरतं.